अंगणातली झुडपं : निवड आणि निगा

मराठी मंडळाच्या अंकात बागकामाचा लेख कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. आळं, डोळा, छाटणी, पागोळी, सोडण हे शब्द शब्दकोशापेक्षा अंगणात जास्त जगतात. गोव्यात आता घर नवं झालं की अंगणात आधी सिमेंटच्या लाद्या बसतात. उरलेल्या दोन फुटांच्या पट्टीत नर्सरीत जे फुललेलं दिसलं ते लावलं जातं. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यातलं काही वाळतं, काही खिडकी झाकतं. मग "आमच्या मातीत काही होत नाही" म्हणून तीही पट्टी लादीखाली जाते. खरं तर बहुतेक वेळा चूक मातीची नसते, निवडीची असते.

झुडूप म्हणजे काय?

झाडाला एक खोड असतं. झुडपाला जमिनीपासूनच अनेक लाकडी फांद्या फुटतात आणि ते साधारण चार-पाच मीटरच्या आतच राहतं. जास्वंद, तगर, अनंत, मोगरा, क्रोटन, कण्हेर, अडुळसा, मेंदी ही सगळी झुडपं. बोगनवेलीच्या नावात वेल आहे, पण छाटत राहिलं तर तीही झुडपासारखी वाढवता येते.

निवडण्याआधी जागा वाचा

पुस्तक हातात घेतल्यावर आपण आधी अनुक्रमणिका बघतो, तशी आधी जागा बघायची. चार गोष्टी तपासा.

१. ऊन. जास्वंद, बोगनवेल, कण्हेर, मोगरा यांना दिवसातले पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. क्रोटनचे रंगही उन्हातच खुलतात. सावलीत ते नुसतं हिरवट होत जातं. अबोलीला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली चालते.

२. पाणी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. म्हणजे आपल्या झुडपाला चार महिने पुरात आणि चार महिने जवळजवळ दुष्काळात काढायचे असतात. कौलारू घर असेल तर पागोळ्या कुठे पडतात ते बघा. त्या रेषेवर लावलेल्या रोपाच्या मुळांवरची माती पहिल्याच पावसात वाहून जाते. रोप तिथून दोन-तीन फूट पुढे घ्यावं.

३. माती. जांभ्या दगडाची आपली तांबडी माती आम्लधर्मी असते, आणि इक्झोरा म्हणजे पेंटगूळ, अनंत यांना तशीच माती आवडते. तरीही नव्या घराच्या भिंतीलगत इक्झोराची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कारण बांधकामाचा चुना-सिमेंट तिथल्या मातीत मिसळलेला असतो. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. तो राडारोडा काढून चांगली माती आणि पानांचं खत भरावं लागतं.

४. पूर्ण वाढ. पिशवीतली जास्वंद फूटभर असते, पण मोठी झाल्यावर दोन मीटरही पसरते. म्हणून पूर्ण वाढीच्या पसाऱ्याचा निम्मा भाग, आणि वर थोडं, एवढं अंतर भिंतीपासून सोडा. भिंतीला ओल लागत नाही, खिडकीतून वारा येतो आणि दरवर्षी करवत काढावी लागत नाही.

विषारी झुडपं

कण्हेर खारा वारा आणि उन्हाळा दोन्ही सोसते, म्हणून किनाऱ्याजवळ ती खूप दिसते. पण तिचे सगळे भाग विषारी असतात आणि ते विष हृदयावर परिणाम करतं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिच्या बिया तशाच घातक. लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे या दोन्ही टाळाव्यात. क्रोटनचा चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते. कुंपणच हवं असेल तर अडुळसा किंवा निर्गुडी लावा. गुरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

लावणी

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावावं, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये. ऐन जुलैच्या झडीत खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. माती व कुजलेलं शेणखत मिसळून भरा. प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा. मुळं गोल गुंडाळली असतील तर हलक्या हाताने मोकळी करा. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच रोप पुरा. खोड जास्त खोल गेलं तर ते कुजतं.

पाणी आणि आच्छादन

रोज तांब्याभर पाणी शिंपडलं की मुळं वरच्या वर राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा आळं भरून द्यावं, म्हणजे मुळं खाली उतरतात. पहिला उन्हाळा काढला की बहुतेक झुडपं सावरतात. मोगऱ्याला मात्र फुलांच्या दिवसांत नियमित पाणी पाहिजे. बोगनवेलीचं उलटं आहे : जास्त पाणी दिलं की नुसता पाला येतो.

आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा नारळाची सोडणं पसरा. जमीन गार राहते आणि पाणी कमी लागतं. ते खोडाला टेकू देऊ नका, नाहीतर वाळवी आणि कूज दोन्ही येतात. जो पाला आपण कोपऱ्यात जाळतो तोच इथे उपयोगी पडतो.

छाटणी

आधी सुकलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मग आकार. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. काप नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. जास्वंद आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे छाटल्याने फुलं वाढतात. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटला की उन्हाळ्यात भरभरून येतो.

कीड

जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर पाण्याच्या जोराने धुवा, जास्त असतील तर साबणाचं पातळ पाणी किंवा कडुलिंबाचं तेल. मुंग्यांवरही लक्ष ठेवा, त्या गोड स्रावासाठी या किडीला सांभाळतात. पण कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली तर तिला राहू द्या. तिचं फुलपाखरू होतं, आणि कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते.

स्वाध्याय

१. आपल्या अंगणात सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे असतं ते कागदावर काढा.
२. त्यातल्या एका जागेसाठी एक झुडूप निवडा आणि कारण तीन वाक्यांत लिहा.
३. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून झुडपांची, अवजारांची आणि कामांची दहा नावं गोळा करा. आपल्या मंडळाला त्यातून छोटा शब्दसंग्रह करता येईल.

अंगण लहान असलं तरी चालेल. लादी बसवण्याआधी दोन खड्ड्यांपुरती माती मोकळी ठेवा, एवढंच.