भाड्याच्या घराचा तोटा आणि ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ची कसोटी



अमेरिकेत घर भाड्याने देणाऱ्या नोकरदार दांपत्याला विवरणपत्रात जो तोटा दिसतो, तो बहुतांशी खिशातून गेलेला नसून घसाऱ्याचा असतो, हे आधी नीट ध्यानात घेणे इष्ट आहे. घसारा म्हणजे इमारतीची किंमत तिच्या कायद्याने ठरवलेल्या आयुष्यावर विभागून दरवर्षी खर्ची टाकण्याची सोय. भाड्याच्या निवासी घरासाठी हे आयुष्य साडेसत्तावीस वर्षांचे धरतात आणि जमिनीची किंमत वगळतात. समजा, इमारत २,७५,००० डॉलरची असेल, तर वर्षाचा घसारा १०,००० डॉलर होतो. भाडे ३०,००० आणि व्याज, मालमत्ता कर, विमा व दुरुस्ती मिळून ३२,००० असल्यास प्रत्यक्ष चाट २,००० ची बसते, कागदावरचा तोटा मात्र १२,००० भरतो. हा तोटा पगारातून वजा व्हावा, असे कोणालाही वाटणारच.

१९८६ च्या करसुधारणेत आलेल्या कलम ४६९ ने त्याला आडकाठी केली. या कलमानुसार घर भाड्याने देण्याचे काम, मालक कितीही राबला तरी, सर्वसाधारणपणे ‘पॅसिव्ह’ म्हणजे निष्क्रिय मानले जाते आणि त्याचा तोटा निष्क्रिय उत्पन्नातूनच वळता होतो. कारभारात लक्ष घालणाऱ्या मालकाला २५,००० डॉलरपर्यंत सवलत आहे खरी. पण संयुक्त विवरणपत्रावर उत्पन्न १,००,००० च्या वर जाताच ती घटू लागते आणि १,५०,००० ला संपते, त्यामुळे दोन पगारांच्या घराला तिचा लाभ क्वचितच होतो.

ज्यांचा चरितार्थच घरजमिनीच्या धंद्यावर चालतो, त्यांच्यासाठी १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ हा अपवाद केला. त्याच्या दोन अटी पती किंवा पत्नी यांपैकी कोणा एकानेच पूर्ण कराव्या लागतात: वर्षात ७५० हून अधिक तास अशा धंद्यात द्यावेत, आणि ते तास त्या व्यक्तीच्या एकूण कामाच्या निम्म्याहून अधिक असावेत. ७५० चा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. नोकरदाराची खरी अडचण दुसऱ्या अटीत आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीत २,००० तास जात असतील, तर घरांच्या कामाला २,००० हून अधिक तास द्यावे लागतील, म्हणजे एकूण आठवड्याला सुमारे ७७ तास, आणि हे कोणत्याही तपासनिसाला पटणे अवघड आहे. उभयतांपैकी ज्याला नोकरी नाही, त्याच्याच बाबतीत हा मार्ग व्यवहार्य ठरतो.

त्यानंतरही प्रत्येक घरात ‘मटीरियल पार्टिसिपेशन’, म्हणजे नियमित, सातत्याचा आणि भरीव सहभाग, वेगळा दाखवावा लागतो. ५०० हून अधिक तास हा त्याचा सर्वांत परिचित निकष असून येथे मात्र पतिपत्नीचे तास एकत्र धरता येतात. अनेक घरे असल्यास सर्व मिळून एकच उपक्रम मानण्याचा पर्याय विवरणपत्रासोबत निवेदन जोडून घेता येतो, परंतु तो पुढील वर्षांनाही बांधून ठेवतो, म्हणून घाईने घेऊ नये.

सर्वांत अधिक काळजी नोंदींची घ्यावी. ‘भाडेकरूशी बोलणे, ३ तास’ असे मोघम लिहिण्यापेक्षा तारीख, घर, वेळ आणि काम लिहावे: सकाळी साडेनऊ ते सव्वाअकरा, प्लंबरसमवेत तळघरातील गळती पाहिली, पावती जोडली. वर्ष संपल्यावर अंदाजाने भरलेली वही टॅक्स कोर्टाने वारंवार नाकारली आहे; २०१० च्या एका निकालात तर भाडेकरूच्या हाकेला ओ देण्यासाठी तयार राहिल्याचे तासही धरले गेले नाहीत. केवळ गुंतवणूकदार म्हणून हिशेब चाळण्याचा वेळही सहसा मोजत नाहीत.

अपवाद लागू झाला नाही, तरी तोटा बुडत नाही. तो पुढे ओढला जातो, आणि परक्या व्यक्तीला घर पूर्णपणे विकले, की त्या वर्षी इतर उत्पन्नातूनही वजा होतो. पुण्यातील फ्लॅट भाड्याने दिला असल्यास अमेरिकेत कर भरणाऱ्याला त्याचेही उत्पन्न दाखवावे लागते आणि त्याच्या तोट्यालाही हेच नियम लागतात.

तेव्हा उभयतांची नोकरी पूर्णवेळ असेतोवर या अपवादाचा दावा करू नये. एकाने नोकरी सोडलीच, तर पहिल्या दिवसापासून वही ठेवावी आणि ती जाणत्या सीपीएला, म्हणजे प्रमाणित हिशेबनीसाला, दाखवल्याखेरीज विवरणपत्रावर सही करू नये.