तळणीच्या तेलाचे बायोडिझेल

प्रश्न : दिवाळीच्या फराळानंतर उरलेल्या तळणीच्या तेलापासून घरच्या घरी बायोडिझेल करता येईल का? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही कृती फारशी अवघड नाही, अडचण आहे ती मिथेनॉलची आणि जागेची. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने, सुमारे 55 अंश सेल्सिअसला, ही जोडणी तोडून मेदाम्लांना मिथेनॉल जोडले, की हलके बायोडिझेल वर राहते आणि जड, तपकिरी ग्लिसरीन तळाशी बसते. एक लिटर तेलाला साधारण 200 मिलिलिटर मिथेनॉल लागते. सोड्याचे प्रमाण मात्र तेल किती तापले आहे यावर ठरते, कारण वारंवार तळण्याने सुटी झालेली मेदाम्ले सोडा खाऊन टाकतात, आणि त्यात साबुदाणेवड्यांचे पाणी राहून गेले असेल, तर हाती इंधनाऐवजी साबणाचा चोथा येतो.

मिथेनॉल जेमतेम 65 अंशांना उकळते, त्याची वाफ चटकन पेट घेते आणि ते पोटात गेल्यास दृष्टी, प्रसंगी प्राणही जातो; तेव्हा लाकडी माळ्यांच्या वाड्यात किंवा बंद स्वयंपाकघरात हा उद्योग करूच नये. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 सालच्या ‘रुको’ उपक्रमात वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेल उत्पादकांना दिले जाते. त्याचा रोख हॉटेलांसारख्या मोठ्या वापरकर्त्यांवर असल्याने घरातले लिटर-दीड लिटर तेल गाळून, शेजाऱ्यांच्या तेलासह साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे, मोरीत ओतू नये.