सामाईक इमारतीतील फेरबदल : हक्क आणि मर्यादा

खानदेशातील जुन्या पेठांत धाब्याची घरे एकमेकांना लागून उभी असत. दोन घरांमधील सामाईक भिंतीला हात लावावयाचा तर शेजाऱ्यास विचारणे ओघानेच येई. जळगाव व धुळे येथे २००३ मध्ये महानगरपालिका आल्या आणि आज या शहरांत बहुमजली इमारतींचीही वस्ती आहे. तेथे एका भिंतीचे शेजारी दोन नव्हेत, इमारतीतील सर्वच असतात.

मालकी कशाची?

सदनिका विकत घेतली की आतील सारे काही आपले, असा समज आढळतो. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० अन्वये मात्र पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर व जिने सामाईक होत. खांब एखाद्याच्या दिवाणखान्यात असला तरी तो साऱ्या इमारतीचा असतो. इमारतीच्या सुरक्षिततेस बाध आणणारे काम कलम ८ ने निषिद्ध ठरविले असून, मूळ तरतुदीत इतर सर्व धारकांची एकमुखी पूर्वसंमती आवश्यक मानली आहे.

भाराचा हिशेब

उन्हाळ्याच्या झळा व पाणीसाठ्याची निकड यांमुळे सज्जा बंदिस्त करणे, गच्चीवर जादा टाकी बसविणे हे प्रकार घडतात. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन भार. साडेचार इंच जाडीची, दहा फूट उंचीची विटांची भिंत दर फूट लांबीला सुमारे २०० किलो भरते. मूळ आराखड्यात हा भार गृहीत नसल्यास तुळई वाकते, सज्जा खचतो. खांब वा तुळई फोडणे तर त्याहून घातक होय.

मुंबईत घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप या प्रकरणात ठेवण्यात आला.

काय करावे?

रंगरंगोटी, गिलावा अशा किरकोळ दुरुस्तीस नगररचनेची परवानगी लागत नाही. रचनेत बदल करावयाचा असल्यास प्रथम संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. त्यानंतर सदनिकाधारकांच्या संघाची, अथवा सहकारी संस्था असल्यास उपविधीनुसार समितीची संमती मिळवावी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील परवानगी त्याखेरीज घ्यावी लागते; एक संमती दुसरीची जागा घेत नाही. उपविधींचा भंग झाल्यास संघ, तसेच योग्य प्रकरणी बाधित सदनिकाधारक, न्यायालयाकडे मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागू शकतो.

तथापि भिंत पडल्यावर मिळालेला हुकूम उशिराचा ठरतो. हातोडा उचलण्यापूर्वी केलेला एक लेखी अर्ज हाच खरा उपाय होय.