कॅमेरा सुरू आहे, मामा!

आधीच माफी मागून ठेवते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, आणि मराठीत शेवटचा निबंध मी दहावीच्या पेपरात लिहिला होता, तोही पाठ केलेला! त्यामुळे शुद्धलेखनाचे सिग्नल मोडले तर चालवून घ्या. कारण लेखाचा विषयही सिग्नल मोडण्याचाच आहे.

झालं असं. थर्ड सेमच्या सबमिशनचे दिवस. मी स्कूटरवर, मागे माझी मैत्रीण. ती मोबाइलवर रस्त्याचा व्हिडिओ काढत होती, कशासाठी ते विचारू नका. एका चौकात ट्रॅफिकच्या मामांनी हात दाखवला. "सिग्नल तोडलास." मी म्हटलं, "मामा, पिवळा होता!" "लायसन्स दाखव. चलन होईल." मग थोडी रडकी चेष्टा, थोडी विनवणी... आणि दोनशे रुपये या खिशातून त्या खिशात गेले. पावती नाही, मशीन नाही, काही नाही.

घरी येईपर्यंत आम्ही दोघी पेटलो होतो. मैत्रिणीचा मोबाइल सुरूच राहिला होता, त्यामुळे सगळं रेकॉर्ड झालं होतं! मामांचा हात, नोट, चेहरा. "आत्ताच्या आत्ता कॉलेजच्या ग्रुपवर टाकूया," ती म्हणाली. मी टाकणारच होते, तेवढ्यात बाबांनी चहा पिता पिता विचारलं, "क्लिप तिथूनच का सुरू होते? पहिल्यापासून बघ ना."

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावा लागला.

१. फ्रेम मोजण्याचा प्रयोग

पहिल्यापासूनचा व्हिडिओ आम्ही लॅपटॉपवर घेतला. रेकॉर्डिंग सेकंदाला ३० फ्रेम्सचं. चौकाआधीचे दोन विजेचे खांब व्हिडिओत दिसत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन टेपने अंतर मोजलं, २८ मीटर निघालं. ते पार करायला मला ८४ फ्रेम्स, म्हणजे २.८ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला १० मीटर, तासाला ३६ किलोमीटर. वेगाबद्दल तरी मी निर्दोष!

पण पुढे बघा. सिग्नल पिवळा झाल्यापासून माझं पुढचं चाक स्टॉप लाइनवर येईपर्यंत १३८ फ्रेम्स. त्यातल्या पहिल्या ९० पिवळ्या आणि शेवटच्या ४८ चक्क लाल. म्हणजे मी लाइन ओलांडली तेव्हा सिग्नल लाल होऊन १.६ सेकंद झाले होते. पिवळा लागला तेव्हा मी लाइनपासून साधारण ४६ मीटर लांब होते. भान यायला एक सेकंद धरा, म्हणजे १० मीटर. ब्रेक लावून थांबायला आणखी दहा मीटर. एकूण वीस मीटरमध्ये गाडी थांबली असती. मी थांबले नाही, उलट ॲक्सिलरेटर दिला.

मोबाइलचा फ्रेम रेट थोडा कमी-जास्त होतो, हे मान्य. म्हणून १.६ च्या ऐवजी १.५ धरा. लाल तो लालच.

आणि त्याहून वाईट पुढचं. व्हिडिओत आवाजही होता. पैशांचा विषय मामांनी काढलाच नव्हता. "मामा, काहीतरी बघा ना, चलन नको," हे वाक्य माझ्या आवाजात होतं! नंतर त्यांनी आकडा सांगितला. त्यांची चूक आहेच, एक पैसाही कमी नाही. पण तोडपाण्याची सुरुवात माझी होती.

आम्ही जी क्लिप ग्रुपवर टाकणार होतो ती नोटेपासून सुरू होत होती. खोटं तिच्यात काहीच नव्हतं, आणि तरी ती खोटी होती.

२. कायदा काय म्हणतो?

यानंतर मी मोटार वाहन कायदा, १९८८ वाचायला घेतला. (एम-थ्री सोडून!) प्रत्येकाला माहीत असाव्यात अशा काही गोष्टी सांगते.

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं, हे कलम १३०. मोबाइलमधल्या डिजिलॉकरमधलं चालतं, मूळ कागद खिशात असण्याची सक्ती नाही. पोलिसाने लायसन्स जप्त केलं तर त्याची तात्पुरती पोच त्याने द्यायची असते, हे कलम २०६. पोच न देता लायसन्स खिशात घालणारा नियमात वागत नाही.

आता माझं आवडतं कलम. २०१९ च्या दुरुस्तीत २१०-ब आलं. कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनीच या कायद्याखालचा गुन्हा केला तर दंड दुप्पट! म्हणजे हेल्मेट न घालता बुलेटवरून जाणारा पोलीस दिसला, तर आपल्याला जेवढा दंड त्याच्या दुप्पट त्याला. कायदा करणाऱ्यांनीही हे गृहीत धरलंय की वर्दीवाला चुकू शकतो.

पण लाचेचं काय? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये बदल झाला. आता लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं, तर संरक्षण मिळतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री नंबर १०६४ आहे, तो सेव्ह करून ठेवा. माझ्यावर जबरदस्ती झाली होती का? व्हिडिओ म्हणतो, नाही.

मग पोलिसाचं रेकॉर्डिंग करणं हाच गुन्हा आहे का? मामा लोक बऱ्याचदा तसं सांगतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर पोलीस ठाण्याच्या आत व्हिडिओ काढल्याचं प्रकरण आलं होतं. त्यावर शासकीय गुपिते कायद्याखाली, म्हणजे ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टखाली, गुन्हा दाखल झाला होता. कोर्टाने सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. ठाण्याच्या आत ही गोष्ट, तर भर चौकात काय हे तुम्हीच ठरवा. मात्र अंगावर जाणं, हात पकडणं, वाट अडवणं हे रेकॉर्डिंग नाही. भारतीय न्याय संहितेत सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी कलम २२१ आणि बळ वापरण्यासाठी १३२ आहे.

आणखी एक गंमत. गाडी चालवता चालवता हातात मोबाइल धरणं हे कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. म्हणजे एका हाताने स्कूटर आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याच्या बेशिस्तीचं शूटिंग करणारा स्वतःच गुन्हेगार!

३. नंबर प्लेटचं गणित

चला, आता आपल्या फील्डमध्ये येऊ. समजा डॅशकॅम १९२० पिक्सेल रुंदीचा आहे आणि त्याला १२० अंश दिसतं. म्हणजे एका अंशाला १६ पिक्सेल. कारच्या नंबर प्लेटवर अक्षराची उंची नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर असते. कार १० मीटर पुढे असेल तर ते अक्षर साधारण ०.३७ अंशात बसतं, म्हणजे जेमतेम ६ पिक्सेल. ५ मीटरवर १२ पिक्सेल. बाइकच्या मागच्या प्लेटवर अंक ४० मिलिमीटरचे, ते ५ मीटरवरही ७ पिक्सेलच.

सहा-सात पिक्सेलमध्ये ३ आणि ८ मध्ये काय फरक दिसणार? ० आणि ६ मध्ये? त्यात रात्र असेल आणि शटर १/३० सेकंद उघडं राहत असेल, तर सेकंदाला १० मीटर वेगाने आडवी जाणारी गाडी एका फ्रेममध्ये ३३ सेंटिमीटर सरकते. प्लेटचा पार चिखल होतो.

हे गणित का सांगितलं? कारण अंदाजाने वाचलेल्या एका अंकामुळे कुठल्यातरी बिचाऱ्या काकांना, जे त्या दिवशी घराबाहेरच पडले नव्हते, चलन जाऊ शकतं. नंबर वाचता येत नसेल तर 'वाचता येत नाही' असंच लिहायचं. प्रॅक्टिकलला रीडिंग आलं नाही तर आपण शेजारच्याचं उतरवतो, तसं इथे नको!

४. व्हिडिओ कोर्टात टिकतो का?

याचं उत्तर आपल्या जालन्यातून आलंय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० मध्ये निकाल आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. ज्याचं उपकरण आहे त्यानेच ते मूळ उपकरण कोर्टात आणलं आणि साक्ष दिली, तर मात्र त्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. कॉम्प्युटरवाले खूश! इतरांसाठी सांगते, हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ लहान केला जातो, म्हणजे त्याचा ठसा वेगळा. म्हणून मूळ फाइल जपायची. कापायची नाही, गाणं लावायचं नाही, मोबाइलमधून डिलीट तर मुळीच करायची नाही.

५. बाकी ठिकाणी काय चालतं?

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तेव्हा जगाला तिचे ढीगभर व्हिडिओ मिळाले. का? तिथे गाड्यांमध्ये डॅशकॅम आधीच लागलेले होते. ते काही आकाश बघायला लावलेले नव्हते. मुद्दाम गाडीसमोर येऊन विम्याचे पैसे उकळणारे आणि पैसे खाणारे ट्रॅफिक पोलीस, या दोघांपासून वाचायला लोकांनी ते लावले होते. विश्वास उडाला की काचेवर कॅमेरा येतो.

दिल्लीत वेगळा रस्ता धरला. दिल्ली ट्रॅफिक पोलिसांनी २०१५ मध्ये नागरिकांना नियमभंगाचे फोटो-व्हिडिओ पाठवायला सांगितलं, आणि २०२४ मध्ये ती योजना 'ट्रॅफिक प्रहरी' नावाने पुन्हा आणली. महिन्याला पहिलं बक्षीस ५०,००० रुपये! कल्पना चांगली आहे. पण बक्षिसासाठी चौकात टपून बसलेला माणूस स्वतःची चूक पाठवेल का, असा प्रश्न मला पडतो.

पोलिसांच्या कॅमेऱ्यालाही नियम आहेत. २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-ए मध्ये अंगावरचे कॅमेरे आणि डॅशबोर्ड कॅमेरे ही अधिकृत उपकरणं धरली, आणि अशा उपकरणांना मंजुरीचं प्रमाणपत्र आवश्यक केलं. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन टाकणं त्यात बसत नाही. म्हणजे नियम दोन्ही बाजूंना सारखाच. पुरावा हवा, तर तो नीट हवा.

६. लक्षात ठेवा

• रेकॉर्डिंग स्टँडवरच्या कॅमेऱ्याने किंवा मागे बसलेल्याने करावं. चालवणाऱ्याने नाही.
• अपघात दिसला तर आधी जखमीला मदत, मग मोबाइल. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे.
• घटनेच्या आधीचं आणि नंतरचं फुटेज कापू नका. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का ते महिन्यातून एकदा तपासा.
• तक्रार पोलिसांकडे किंवा १०६४ वर. ग्रुपवर नाही. ग्रुपवर फक्त बदनामी होते, चौकशी होत नाही.
• आणि पाठवण्याआधी स्वतःची क्लिप पहिल्यापासून बघा.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारचाच आकडा आहे. म्हणजे रोज सुमारे ४६०. आपल्या कॉलेजचे चार-पाच वर्ग, रोज! यातले किती जण माझ्यासारख्या कोणाच्या तरी 'पिवळाच होता' मुळे गेले असतील?

आमच्या क्लिपचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. ग्रुपवर टाकली नाही. १०६४ वर फोनही केला नाही, कारण मला माझीच भीती वाटली. ही गोष्ट काही अभिमानाने सांगत नाहीये. ते मामा आजही कुठल्यातरी चौकात उभे असतील आणि कोणीतरी त्यांना "काहीतरी बघा ना" म्हणत असेल. माझ्या गप्प बसण्याचा त्यात वाटा आहे.

मागच्या महिन्यात मला पुन्हा अडवलं. दुसरा चौक, दुसरे मामा. पीयूसी संपलं होतं, चूक माझीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग मी म्हटलं, "मामा, चलन करा." ते जरा दचकलेच. मशीन काढलं, फोटो घेतला, दोन मिनिटांत मोबाइलवर मेसेज आला. खिशाला चांगला फटका बसला. पण त्या दिवशी कोणाचाही कॅमेरा सुरू असता तरी मला चाललं असतं.