हलक्या प्रणालीचे ओझे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शाळा मराठी माध्यमाची झाली. कन्नड मी गल्लीत, बाजारात आणि पुढे महाविद्यालयात शिकलो. तरीही 'लिनक्स' या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण यंदाच्या तुरीच्या हंगामात या विषयाने माझी व माझ्या मामांची चांगलीच परीक्षा घेतली.

मामांचे भालकीच्या बाजारात आडत दुकान आहे. तेथे २ जी. बी. रॅमचा एक जुना संगणक असून त्यावर विंडोज १० चालत असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला किमान ४ जी. बी. रॅम व टी. पी. एम्. २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत. मामा नवे यंत्र घेण्याच्या विचारात होते. मीच म्हणालो, "मामा, खर्च कशाला करता? मी लिनक्स बसवून देतो, फुकट." वर्गातील मित्राकडून पेन ड्राइव्ह आणला आणि दिवाळीच्या सुटीत एक हलकी लिनक्स प्रणाली बसविली.

येथे 'हलकी' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लिनक्सचा गाभा १९९१ साली लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने प्रथम प्रसिद्ध केला. या गाभ्यावर पडदा, खिडक्या, तळपट्टी, फाइलींचे कपाट असा सगळा संसार मांडावा लागतो. त्याला डेस्कटॉप म्हणतात. ग्नोम किंवा के. डी. ई. हे मोठे डेस्कटॉप म्हणजे एकत्र कुटुंब. एका ठिकाणी सेटिंग बदलले की घरभर निरोप पोहोचतो. पण एवढ्या मोठ्या घराला रॅमही तशीच लागते. एल्. एक्स्. डी. ई. सारखा हलका डेस्कटॉप म्हणजे भाड्याच्या खोल्यांची चाळ. खिडक्या सांभाळतो एक (ओपनबॉक्स), तळपट्टी दुसऱ्याची, फाइलींचे कपाट तिसऱ्याचे. प्रत्येकाची किल्ली निराळी आणि काहींची सेटिंगे तर साध्या मजकुराच्या फाइलीत जाऊन हाताने लिहावी लागतात. यामुळे यंत्रावरचा भार खरोखर कमी होतो. मामांचा संगणक सुरू झाल्यावर चारशे एम्. बी. च्या आतच राहतो. पहिल्या दिवशी त्याचा वेग पाहून मामांनी मला शंभराची नोट दिली होती.

आता भाषेकडे वळू. आपल्या भागातील आडत दुकानात शेतकऱ्याला जी हिशेबाची पट्टी द्यावयाची, ती कोणाला मराठीत हवी असते तर कोणाला कन्नडमध्ये. मुनीमकाकांना दोन्ही लिप्या उत्तम येतात आणि इनस्क्रिप्ट टंकलेखनही येते. इनस्क्रिप्टची योजना भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरविली. तिची मोठी सोय ही की भारतीय लिप्यांतील समान अक्षरे एकाच कळीवर असतात. मराठी 'क' जेथे, तेथेच कन्नड 'क'. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. एक लिपी शिकली की बोटांना दुसरी जवळजवळ आपोआप येते. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखाला याहून सोयीची गोष्ट नाही.

लिनक्समध्ये मराठी शोधताना यादीत 'मराठी, कागापा' असे एक नाव दिसले. मला वाटले, क, ग, प म्हणजे अक्षरांचा एखादा क्रम असावा. कन्नड विभागातील मित्राने हसत हसत खुलासा केला : 'कन्नड गणक परिषत्तु'! या संस्थेच्या कन्नड कळफलकाच्या धर्तीवर मराठीचाही एक कळफलक लिनक्समध्ये आहे. हे कळल्यावर मला फार आनंद झाला. पण काकांना इनस्क्रिप्टच हवा होता, म्हणून इंग्रजी, मराठी व कन्नड असे तीन कळफलक लावून दिले. आल्ट व शिफ्ट एकदम दाबले की पुढचा कळफलक यावा, अशी व्यवस्था केली.

दुसऱ्या दिवशी फोन आला, "मराठी गेली." ज्या आज्ञेने कळफलक लावले होते ('सेटएक्सकेबीमॅप' असे तिचे नाव, उच्चारतानाच जीभ अडखळते) तिचा परिणाम यंत्र बंद होईपर्यंतच टिकतो, हे मला ठाऊक नव्हते. ती आज्ञा आपोआप चालावी म्हणून आणखी एका फाइलीत लिहावी लागली. असो, तो माझा अडाणीपणा म्हणता येईल.

पण पुढच्या गोष्टीला अडाणीपणा कसा म्हणावा? चालू कळफलक कोणता, हे सांगण्यासाठी तळपट्टीवर एक लहानसा झेंडा दिसतो. इंग्रजीला अमेरिकेचा झेंडा, मराठीला भारताचा तिरंगा आणि कन्नडलाही तिरंगाच! प्रणालीच्या हिशेबी मराठी व कन्नड हे 'भारत' या एकाच कळफलकाचे पोटप्रकार, म्हणून खूण एकच. ज्याने ही खूण ठरविली त्याच्या मनात एक देश, एक भाषा असा हिशेब असणार. बीदर जिल्ह्यात तो जमत नाही. शिवाय कळा त्याच असल्यामुळे बोटांनाही चूक कळत नाही. अक्षर पडद्यावर उमटल्यावरच कळते. काका मान खाली घालून टंकतात. कित्येक वेळा अर्धे नाव मराठीत व गाव कन्नडमध्ये, अशा पट्ट्या निघाल्या.

खरा प्रसंग जानेवारीत ओढवला. तुरीची आवक जोरात होती. काका जेवून परत आले तर पडद्याला कुलूप लागले होते. परवलीचा शब्द इंग्रजी आणि कळफलक राहिला होता कन्नडवर. पडद्यावर नुसते ठिपके उमटत. काकांनी तीनदा, चारदा, दहादा शब्द टंकला. मी कलबुर्गीला होतो. मामांचा फोन घेऊन वर्गाबाहेर आलो.

"मामा, खाली झेंडा कोणता आहे ते बघा."

"कसला झेंडा? समोर काळा पडदा आहे. इकडे माणसं उभी आहेत, अरे!"

शेवटी त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केले व पुन्हा सुरू केले. कळफलक इंग्रजीवर आला व कुलूप उघडले, पण न साठवलेल्या सात पट्ट्या गेल्या. सात शेतकऱ्यांना पुन्हा ओळीत उभे राहावे लागले. त्यांपैकी एकाची गावाकडची बस चुकली. संध्याकाळी काका मला फोनवर म्हणाले, "यंत्राचा दोष नाही, बाबा. माझंच वय झालं."

ज्या माणसाच्या बेरजेत मी कधी चूक पाहिली नाही, त्याने असे म्हणावे हे मला लागले. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात नेमकी हीच गोष्ट मांडली आहे. वस्तूची रचना सदोष असली तरी माणसे दोष स्वतःला देतात. आणि याकोब निल्सन यांनी १९९४ साली वापरसुलभतेची जी दहा तत्त्वे दिली, त्यांतील पहिलेच असे की यंत्र कोणत्या स्थितीत आहे हे वापरणाऱ्याला सतत दिसले पाहिजे. दोन भाषांना एक झेंडा आणि कुलूपबंद पडद्यावर तोही नाही, ही रचना पहिल्याच तत्त्वात नापास होते.

मात्र करणाऱ्यांना शिव्या देणेही मला पटत नाही. एल्. एक्स्. डी. ई. ची सुरुवात २००६ साली तैवानच्या हाँग जेन यी या एका तरुणाने केली व पुढे अनेकांनी, बहुधा मोबदल्यावाचून, ती वाढविली. जे घटक कमी केले, ते जुन्या यंत्रात जीव राहावा म्हणूनच. प्रश्न एवढाच की घटक कमी केला म्हणजे काम कमी होत नाही. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर खर्च वाचलेला नाही, दुसऱ्याच्या खात्यात नावे टाकला आहे. रॅमने जे लक्षात ठेवायचे ते काकांनी लक्षात ठेवायचे. जमाखर्चात ही नोंद कोठेच दिसत नाही, म्हणून मीही 'फुकट' म्हणालो.

टॅलीविषयी मित्र विचारतात म्हणून सांगतो : टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. लिनक्सवर ग्नूकॅश आहे, पण आपल्या बाजारातील करसल्लागार टॅलीच मागतात. मामांचे खाते बाहेरच लिहिले जाते, त्यामुळे आमची या बाबतीत सुटका झाली. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील कन्नड पत्रे मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडली. ती अजून तशीच आहेत.

फेब्रुवारीत मी दोन दिवस भालकीला जाऊन बसलो. पडद्याचे आपोआप लागणारे कुलूप काढून टाकले. आल्ट-शिफ्टची व्यवस्था मोडली आणि डेस्कटॉपवर तीन मोठी चित्रे ठेवली : 'मराठी', 'कन्नड', 'इंग्रजी'. ज्यावर टिचकी मारावी तोच कळफलक लागतो आणि त्याचे नाव क्षणभर ठळक अक्षरांत दिसते. प्रत्येक चित्रामागे दोन ओळींची आज्ञा आहे. ती लिहायला मला पाऊण दिवस लागला. मामांनी या वेळी नोट दिली नाही, चहा मात्र दोनदा पाजला. काका आता मराठी पट्ट्या यंत्रावर करतात. कन्नड पट्ट्या ते अजून हातानेच लिहितात.