नाकातला राखणदार

आपल्या नाकात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. त्यांतला एक फार वाईट. दहांतल्या सुमारे तिघांच्या नाकात तो गुपचूप बसतो. जखमेत शिरला की पू होतो, रक्तात गेला तर जीवही जातो. कित्येकदा नेहमीची औषधेही त्याच्यापुढे हात टेकतात.

जर्मनीत ट्यूबिंगेन शहरी शास्त्रज्ञांनी नाकातलेच दुसरे जंतू तपासले. त्यांतला एक स्वतः औषध तयार करतो नि या दुष्टाला मारतो! हाच राखणदार. २०१६ साली त्यांनी हे जाहीर केले. औषधाचे नाव लुग्डुनिन. अशी औषधे बहुधा मातीतल्या जंतूंपासून मिळत आली. हे नाकातच निघाले, याचे आम्हांला मोठे नवल वाटते.

त्यांनी इस्पितळातल्या १८७ रोग्यांची नाके तपासली. राखणदार नसलेल्यांत शंभरी सुमारे ३५ जणांकडे दुष्ट जंतू होता. राखणदार असलेल्यांत शंभरी ६. उंदरांच्या कातडीवर औषध लागू पडले. माणसांना मात्र ते अजून मिळत नाही.