हस्ताच्या दिवसांत वाई

जून ते ऑगस्ट वाईत पाऊस कुठून येणार हे कुणाला विचारावं लागत नाही. पाचगणीकडची डोंगररांग काळवंडली की छत्री घ्यायची. भाद्रपद सरत आला की मात्र हा हिशेब उलटतो. कृष्णाकाठी राहून कळलेल्या काही गोष्टी:

१. दुपारी पूर्वेकडे बघावं. मान्सून पश्चिमेचा, परतीचा पाऊस बहुधा पूर्वेचा. सकाळी लख्ख ऊन, अकरापासून घामाच्या धारा, आणि दोनच्या सुमारास वैराटगडाच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग चढू लागतात. रान ओलं, आभाळ मोकळं, त्यामुळे ती सगळी ओल ऊन वर खेचतं. जितकी सकाळ कडक, तितका चारच्या गडगडाटाचा संशय जास्त. वेधशाळेच्या सरासरी तारखांप्रमाणे मान्सून १७ सप्टेंबरला राजस्थानातून माघार घेऊ लागतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई सोडतो. गावातली जुनी माणसं नक्षत्रं मोजतात: उत्तरा, हस्त, चित्रा. हस्त लागला की पाटावर हत्ती काढून पोरी हादग्याचा फेर धरतात. शहाण्या घरात खिरापतीचा डबा तेव्हा अंगणात ठेवत नाहीत.

२. नदीचं पाणी गावावरच्या आभाळावरून ठरत नाही. सप्टेंबरात धोम धरण बहुतेक काठोकाठ असतं. वर पाणलोटात जोराची सर झाली की पाणी सोडावं लागतं. मग गावात कोरडं ऊन आणि घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, असं दिसतं. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, ती पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणूनच. तेव्हा धुणं घेऊन घाटावर निघताना ढग बघण्यापेक्षा धरणाच्या इशाऱ्याची चौकशी करावी.

३. गोधड्यांना ऊन दाखवायचं ते सकाळीच. दुपारी जेवून आडवं होण्याआधी त्या आत घ्याव्यात.

४. आदल्या संध्याकाळी पाऊस आणि रात्री चांदणं, असं झालं की पहाटे धुकं ठरलेलं. डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली घसरते आणि नदीकाठच्या उसात साचून राहते. अशा पहाटे पसरणी घाटाच्या पायथ्याला हुडहुडी भरते आणि अर्ध्या चढावर स्वेटर काढावासा वाटतो. वर जाल तसं गार, हे गणित तेवढ्या वेळापुरतं बाजूला ठेवायचं.

५. हा पाऊस चांगला की वाईट, असं शेतकऱ्याला विचारू नये. काढलेलं सोयाबीन रानात पडलेलं असेल तर एक सर पुरते, शेंगेतच मोड येतात. ताडपत्री शोधायला धावाधाव होते. हळदीत पाणी तुंबलं तर कंदकूज. पण हरभऱ्याच्या पेरणीला हीच ओल लागते, विहिरीही आताच भरून घ्यायच्या असतात. एकाच घरात सकाळी या पावसाला शिव्या आणि संध्याकाळी नमस्कार मिळालेला मी पाहिला आहे. यात विसंगती काही नाही. वावरं दोन आहेत.

६. पुण्या-मुंबईचे पाहुणे नेमके या दिवसांत कासची फुलं बघायला येतात आणि नाश्ता करत दहा वाजवतात. मी त्यांना उजाडताच पिटाळतो. पठार उघडं आहे, वीज कडाडू लागली तर आडोसा नाही, आणि एखाद्या एकट्या झाडाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट. फोनवर ‘दामिनी’ ॲप घ्यायला लावतो. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं आहे, विजेचा इशारा देतं. फुलं बघा, दोनच्या आत खाली उतरा, जेवायला घरी या.